टँक आणलात, पण मासे आणायची घाई नको

टँक मांडल्या दिवशीच मासे सोडू नका. फिल्टर चालू ठेवून चार-सहा आठवडे जाऊ द्या, रोज चिमूटभर खाद्य तेवढं टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू हळूहळू फिल्टरच्या स्पंजवर वाढतात. पाणी नितळ दिसलं म्हणजे झालं असं नाही, टेस्ट किट घ्याच. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आले की दोन-तीन गप्पी सोडा. गोल्डफिश काचेच्या बाऊलमध्ये मुळीच नको, फार हाल होतात बिचाऱ्याचे.

पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, क्लोरीन काढूनच. स्पंज मात्र नळाखाली धरू नका. टँकमधून काढलेल्याच पाण्यात हलका पिळा. तपकिरी गाळ निघाला की घासून लख्ख करावासा वाटेल, पण स्पंजवरच्या त्या बुळबुळीत थरातच जिवाणू असतात.