वाचकांचे प्रश्न : एकाच घरातले तीन नाताळ

प्रश्न : आम्ही नागपूरला सदर भागात राहतो. माझे सासर मराठी ख्रिस्ती आहे आणि माहेर महालातले, हिंदू. लग्नाला अकरा वर्षे झाली असून आमची मुलगी आठ वर्षांची आहे. दर डिसेंबरात घरात ताण सुरू होतो. सासूबाईंच्या मते नाताळ म्हणजे प्रभूचा जन्म. त्यात उपासना हवी, सांताक्लॉज नको. माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, काही वर्षांपासून दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत जातात. तेथे नाताळ पाळत नाहीत, कारण ही तारीख आणि हे झाड शास्त्रात कोठेच नाही असे ते मानतात. गेल्या वर्षी ते जेवायलाही आले नाहीत. माझे आईबाबा आनंदाने येतात, पण जेवणाआधी सर्वांना प्रार्थनेसाठी उभे केले की बाबा अवघडतात. खर्च मात्र दरवर्षी वाढतो आहे. गेल्या वेळी झाड, दिवे, भेटी आणि बाहेरचा केक यांत माझा अर्धा पगार गेला. तरीही मैत्रिणीला सायकल मिळाली आणि आपल्याला रंगपेटी, हे पाहून मुलीने मला विचारले, “मी वर्षभर वाईट वागले का?” आम्ही काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट शेवटच्या ओळीत आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करते. मुलीने भेटीच्या किमतीवरून स्वतःची किंमत ठरवली आहे, आणि ही समजूत तिच्या मनात एक दिवसही राहू देऊ नका. भेटी आईवडील आणतात, प्रत्येक घराची ऐपत वेगळी असते आणि तिच्या वागण्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, हे तिला जवळ घेऊन स्पष्ट शब्दांत सांगा. सांताक्लॉज नाही हे कळल्यावर तिचा विरस होईल असे वाटत असेल, तर त्याच्या मागे असलेल्या माणसाची गोष्ट सांगा. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील मायरा या गावी निकोलस नावाचे बिशप होते, आणि गरजवंतांना गुपचूप मदत करणारे म्हणून ख्रिस्ती परंपरेने त्यांची आठवण जपली आहे. ६ डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन. वर्षभर चांगले वागणाऱ्यालाच भेट मिळेल, अशी अट त्या गोष्टीत नाही. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि बोजारा म्हणून जे हातावर पडेल ते घेऊन उड्या मारत पुढच्या दाराशी जातात. आपली मुलगीही गेली असेल. कोणत्या घरी किती मिळाले यावरून आपण चांगले की वाईट, असा विचार तिने तेव्हा केला नव्हता, याची तिला आठवण करून द्या.

आता मोठ्यांकडे वळू. पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले की सासूबाई आणि भासरे यांना घरातल्या जवळपास त्याच वस्तू खटकत आहेत. एकाला त्यांत प्रभूचा विसर दिसतो, दुसऱ्याला शास्त्राचा आधार दिसत नाही, आणि आपल्याला दुकानाचे बिल दिसते. बाजारातून आलेला हा भाग कमी केला तर भांडण पूर्ण मिटेल असे मी म्हणणार नाही, पण जो मतभेद उरेल तो खरोखर श्रद्धेचा असेल, आणि त्याबद्दल माणसे पुष्कळदा अधिक आदराने बोलतात.

भासऱ्यांचे म्हणणे हट्टाचे आहे असे घरात कोणी समजत असेल तर ती समजूत चुकीची आहे. येशूच्या जन्माची तारीख बायबलमधील शुभवर्तमानांत दिलेली नाही. २५ डिसेंबरची नोंद रोममध्ये इ. स. ३३६ सालच्या संदर्भात आढळते. सजवलेले झाड ही जर्मन प्रदेशातील रीत असून ती एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमार्गे जगभर गेली. नाताळ न पाळणारे ख्रिस्ती लोकही काही नवे नाहीत. ज्यांच्या नावाने आपल्या शहरात १८८३ पासून हिस्लॉप कॉलेज उभे आहे, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या ज्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट परंपरेतून नागपूरला आले, तिने हा सण शतकानुशतके दूर ठेवला होता. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९५८ साली. हे सासूबाईंना सांगताना त्यांची श्रद्धा कमी लेखू नका. तारीख ठाऊक नसली तरी जन्माचा आनंद करता येतो, हे त्यांचे मतही तितकेच जुने आणि प्रामाणिक आहे. भासऱ्यांना २५ तारखेचे आमंत्रण देऊन अडचणीत टाकण्यापेक्षा त्या आठवड्यातील दुसऱ्या एखाद्या दिवशी, झाडाविना आणि भेटींविना, साधे जेवायला बोलवा. माझा अंदाज आहे की ते येतील.

बाबांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. उपासना आणि पंगत या दोन गोष्टी वेगळ्या करा. उपासना आधी, सासूबाईंच्या खोलीत किंवा चर्चमध्ये, मानणाऱ्यांनी मनापासून करावी. पंगत सर्वांची असावी, आणि त्या वेळी कोणाला उभे राहण्याचा आग्रह नसावा. सासूबाईंना पंगतीतही प्रभूचे नाव हवे असेल तर त्यांनी रेव्हरंड टिळकांचे एखादे पद म्हणावे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्यानंतर काही वर्षांनी. एकाच संसारात दोन श्रद्धा असण्याचा अनुभव त्या घराने फार मोठी किंमत देऊन घेतला होता. टिळकांची रचना ओवी-अभंगांच्या वळणाची आहे. महालात भजने ऐकत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही, आणि ऐकत बसणे म्हणजे प्रार्थनेत सामील होणे नव्हे, हेही बाबांना आधीच सांगून ठेवा.

खर्चाचा आकडा बर्डीच्या बाजारात रोषणाई लागण्याआधी, नोव्हेंबरातच, आपण दोघांनी ठरवावा आणि सासूबाईंनाही सांगावा. पुढे मोह झाला तर आकडा मोडायचा नाही, वस्तू कमी करायची. बाहेरचा केक आधी वगळा. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. त्यांचा रस आणि किसलेली साल घातलेला घरचा केक नागपूरच्या नाताळाला अधिक शोभतो. (साल किसताना खालचा पांढरा भाग घेऊ नये, कडूपणा येतो.) करंज्या आणि शंकरपाळे आपल्या दोन्ही घरांना येतातच. कुलकुल हा नाताळचा तळलेला गोड पदार्थ मात्र सासूबाईंनी आपल्या आईला शिकवावा. मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत वळवली की तिच्यावर रेघा उठतात आणि ती शिंपल्यासारखी गुंडाळली जाते. मुलांना हे काम फार आवडते, आणि दोन विहिणी एका परातीशी तासभर बसल्या की न बोललेल्या बऱ्याच गोष्टी बोलल्या जातात. लहानपणी आमच्या शेजारच्या ख्रिस्ती काकूंकडून नाताळच्या सकाळी क्रोशाच्या रुमालाने झाकलेले ताट येत असे. त्यांनी कोणाला काय भेट दिली हे मला आठवत नाही. त्या रुमालाच्या कोपऱ्यावर लागलेला तुपाचा डाग मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

विकतच्या झाडाऐवजी या वर्षी मुलीला गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माच्या गोठ्याचा देखावा, करू द्या. दिवाळीच्या किल्ल्याची माती अजून अंगणात असेल, त्यावर अळीव पेरले की आठवड्यात हिरवळ येते. इटलीतील ग्रेच्चो येथे १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने खरी गव्हाणी, गवत आणि बैल-गाढव आणून नाताळ साजरा केला होता, हे सासूबाईंना सांगितले तर त्यांनाही ही कल्पना आवडावी. बैलासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहेच. मात्र तो महालातून आलेला असेल आणि त्याची पूजा झालेली असेल, तर गोठ्यात ठेवण्याआधी मुलीने आजोबांना स्वतः फोन करून विचारावे. त्यांनी नको म्हटले तर तिने मातीचा दुसरा बैल करावा, आणि तो करायला आजोबांनाच बोलवावे.