नवतपा, कूलर आणि ग्राफिक्स कार्ड
वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : माझ्या पीसीत आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड आहे. जानेवारीत गेम खेळताना कार्ड 69 अंशांवर असायचं, आता नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) दुपारी 84 ला टेकतं. कार्ड जळेल का? दुकानदार म्हणतो, कूलिंग बदला. (मानेवाडा)

उत्तर : जळणार नाही. चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाने या कार्डासाठी दिलेली कमाल मर्यादा 93 अंश सेल्सियस आहे, आणि तिथवर पोहोचायच्या आधीच, साधारण 83 च्या आसपास, कार्ड स्वतःच क्लॉक (चिपचा वेग) आणि व्होल्टेज खाली आणतं. त्यामुळे 84 ला नुकसान होतं ते फक्त फ्रेम्सचं (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचं), आणि तेही थोडं.

पण कूलिंगवर पैसे घालण्याआधी एक वजाबाकी करा. कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो, त्याहून थंड हवा त्याला मिळणार कुठून? म्हणून नुसता कार्डाचा आकडा बघून काही कळत नाही, त्यातून खोलीचं तापमान वजा करावं लागतं. जानेवारीत खोली 22 असेल तर 69 उणे 22, म्हणजे 47. आता खोली 40 असेल तर 84 उणे 40, म्हणजे 44. फरक उलट थोडा घटलाय, कारण उन्हाळ्यात पंखे जास्त वेगाने फिरतात. तुमचं कार्ड ठणठणीत आहे, तापलीय ती खोली! हाच फरक 55-60 वर गेला असता, तर धूळ किंवा पेस्टवर (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) संशय घेण्यात अर्थ होता. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवा आणि गेम वीस मिनिटं चालल्यावरच आकडे लिहून घ्या. पहिल्या पाच मिनिटांत हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) पुरता तापलेलाच नसतो.

मग एक फुकटातली चाचणी. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तोच गेम परत वीस मिनिटं चालवा. आकडा सहा-आठ अंशांनी उतरला, तर कार्डाला हवा पुरत नाही: पुढे सपाट काच असलेलं कॅबिनेट, टेबलाच्या कप्प्यात कोंबलेला टॉवर, नाहीतर धुळीने बुजलेला फिल्टर. पुढून आत घेणारे 120 मिलिमीटरचे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढ्यात बहुतेक कॅबिनेटचं भागतं. आकडा एक-दोन अंशच हलला, तर पंखे वाढवून पैसे फुकट जातील.

खरा उतारा आहे पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढावी याची मर्यादा. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात पॉवर लिमिट आणि टेंप लिमिट (तापमानाची मर्यादा) यांना जोडणारी साखळीची खूण दाबून सोडवा, पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर आणा आणि बरोबरची (✓) खूण दाबा. ती दाबली नाही तर काहीच लागू होत नाही, आणि पुष्कळ जण इथेच फसतात. तुमचं कार्ड 170 वॉटचं आहे, ते 136 वर येईल. पंख्याचा वेग तोच राहिला तर 44 चा फरक वॉटच्याच प्रमाणात घटून 35 होतो, म्हणजे कार्ड 75 वर. प्रत्यक्षात 77-78 दिसेल, कारण कार्ड थंड झालं की पंखेही मंदावतात. वेगातली घट बहुतेक गेममध्ये पाच-सात टक्क्यांची असते, खेळताना ती लक्षातही येत नाही. रोहिणी सरली, मृगाचा पाऊस पडला की परत 100 करा.

प्रश्न : खोलीत डेझर्ट कूलर आहे. पीसी त्याच्या समोर ठेवला तर चालेल का? घरचे म्हणतात, आत पाणी सुटेल. (वाडी)

उत्तर : घरच्यांची भीती निम्मी खरी आहे. दव धरतं ते आसपासच्या हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर. चालू कार्ड नुसतं बसलेलं असलं तरी 40-45 अंशांवर असतं, त्यावर कूलरच्या दमट हवेतून पाणी सुटायचं कारण नाही. कूलरने खोली 40 वरून 30 वर आली, तर कार्डही जवळजवळ दहा अंशांनी उतरेल. एवढं तर महागडा पंखाही करू शकत नाही.

त्रास होतो तो उडणाऱ्या तुषारांचा. पंप जोरात असेल, वुडवूल नवं असेल किंवा कुठे विरळ झालं असेल, तर हवेबरोबर बारीक थेंब येतात. बोरिंगचं पाणी असेल तर कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा खार धरतो, तोच हीटसिंकच्या पात्यांवर बसतो. त्यावर धूळ चिकटली की नुसत्या फुंकरीने निघत नाही. म्हणून पीसी झोताच्या रेषेत ठेवू नका, निदान सहा फूट दूर, एका बाजूला ठेवा. कूलरसमोर आरसा किंवा चष्मा पाच मिनिटं धरून बघा. त्यावर ठिपके उमटले तर पीसीवरही उमटतील. समोरची खिडकी किंवा दार उघडं हवंच. खोली बंद ठेवली की हवेतला दमटपणा चढतो आणि कूलर नुसता वारा घालत राहतो.

एप्रिल ते जून पुढचा फिल्टर दर पंधरा दिवसांनी झटका. कार्डात ब्लोअरने हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. भन्नाट फिरू दिली तर बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर कार्डाला लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते.

प्रश्न : आरटीएक्स 3060 टीआय, चार वर्षं जुनं. कार्डाचं तापमान 79, पण एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर हॉटस्पॉट 104 दाखवतं. कुठला आकडा खरा? (मनीषनगर)

उत्तर : दोन्ही. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू. तो सरासरीपेक्षा 10 ते 15 अंश वर असणं नेहमीचं. तुमच्याकडे फरक 25 आहे, म्हणजे चिपचा काही भाग हीटसिंकला नीट टेकत नाहीये. रोज तापून निवून, फुगून आकसून पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मधे कोरडा पट्टा राहतो. इथे पंखा वाढवून उपयोग नाही, पेस्टच बदलायला हवी. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावू नका, कार्ड आधी कंपनीकडे द्या.

स्वतः करायचं असेल तर आधी कार्ड दहा मिनिटं तापवा, म्हणजे पेस्ट मऊ पडते. मग पीसी बंद करून केबल काढा. मागचे चार स्प्रिंगचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, अर्धा अर्धा फेरा देत सैल करा. हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलात तर चिपचा कोपरा टवका होऊन उडतो. आणि झटक्यात वेगळा करू नका, पंख्याची वायर बोटभरच लांब असते. जुनी पेस्ट 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ग्राफिक्स चिपवर झाकण नसतं, म्हणून मधे एक थेंब टाकून भागत नाही. अर्धा ग्रॅम घट्ट पेस्ट घेऊन सगळी चिप कोपऱ्यांसकट झाका.

मेमरी चिपांवरचे पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले असतील तर त्याच जाडीचे आणा. 1.5 मिलिमीटरच्या जागी 2 चा पॅड बसवला की हीटसिंक पॅडवरच टेकतो, चिपवर पोहोचत नाही, आणि नवी पेस्ट लावूनही हॉटस्पॉट आधीपेक्षा वर जातो. "पेस्ट बदलली, तरी बिघडलं" या तक्रारीमागे बरेचदा हाच अर्धा मिलिमीटर असतो.

प्रश्न : डेस्कटॉपवर असताना कार्डाचे पंखे फिरतच नाहीत. गेले का? (नंदनवन)

उत्तर : नाही. हल्लीची बरीच कार्डं 50-60 अंशांपर्यंत पंखे मुद्दाम थांबवून ठेवतात. गेम लावा. 65 ओलांडूनही पाती जागची हलली नाहीत, तर पीसी बंद करा आणि मग दुकान गाठा.