एकाच अंड्यातून हृदय आणि मेंदू वेगळे कसे घडतात?

प्रश्न : आमच्याकडे कोंबडी अंड्यांवर बसली आहे. 21 दिवसांत एका पेशीपासून हृदय, मेंदू, पिसे घडतात. पण प्रत्येक पेशीत जनुके तीच असतील, तर हा भेद कोण करतो? – एक वाचक, डिचोली

उत्तर : भेद जनुकांच्या यादीत नसून, त्यांतील कोणती जनुके कोठे व केव्हा कार्यरत होतात यात आहे. हे जनुके चालू-बंद करणारी नियामक प्रथिने ठरवतात. 1987 मध्ये मायो-डी या एकाच नियामकाचे जनुक उंदराच्या संयोजी ऊतीतील पेशींत कार्यरत केले, तेव्हा त्या स्नायुपेशींसारख्या झाल्या. हा प्रयोग मला आजही विलक्षण वाटतो.

मात्र पेशीला आपले स्थान कळते कसे, हा खरा गाभा आहे. मेरुरज्जू घडताना त्याखालील पृष्ठरज्जूतून (गर्भातील दांड्यासारख्या आधार-रचनेतून) सॉनिक हेजहॉग नावाचे प्रथिन झिरपते आणि अंतरानुसार विरळ होत जाते. प्रमाणाचा हा उतार सलग असूनही ऊतींच्या सीमा रेखीव उमटतात, कारण त्याला प्रतिसाद देणारे पॅक्स-6 आणि एनकेएक्स-2.2 हे नियामक एकमेकांना दाबतात, आणि प्रत्येक पेशीत अखेर दोहोंपैकी एकच टिकतो. पुढे डीएनएची गुंडाळण बदलून हा निर्णय पेशीविभाजनांतूनही जपला जातो.