रात्रभराच्या प्रार्थनेआधी

प्रिय बेटा,

प्रभूच्या नावात सलाम.

तरुण संघाची रात्रभराची प्रार्थना पाळकसाहेबांनी तुझ्यावर सोपवली, हे ऐकून फार बरं वाटलं. तू पाठवलेला कार्यक्रम वाचला. रात्री दहा ते पहाटे पाच, गीत, साक्ष, संदेश, पुन्हा गीत. गप्प बसायला यात जागाच नाही. निम्मं काढून टाक.

आपण जागतो ते कुणासाठी तरी. म्हणून आधी नावं गोळा कर. आमच्या मंडळीत दारापाशी पत्र्याचा डबा असायचा, लोक त्यात चिठ्ठ्या टाकायचे. 'मुलाला नोकरी', 'सुनेचं बाळंतपण', आणि एकीवर नुसतंच 'भाऊ बोलत नाही'. ती कुणाची, कधी कळलं नाही. पण रात्री दोनला आठ जणांनी त्या भावासाठी गुडघे टेकले होते. चिठ्ठी वाचायची, थोडं थांबायचं, मग एकानेच थोडक्यात प्रार्थना करायची, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. सकाळी सगळ्या चिठ्ठ्या जाळायच्या. कुणाचं दुःख गावभर व्हायला नको.

तास वाटून दे. जर्मनीतल्या हेर्नहुट गावी मोरावियन नावाच्या ख्रिस्ती मंडळीने 1727 च्या ऑगस्टमध्ये हेच केलं. 24 पुरुष, 24 बाया, एकेकाला एकेक तास. ती साखळी शंभराहून जास्त वर्षं चालली. सगळे हेच सांगतात, पण मला त्याच्या आधीचं जास्त मोलाचं वाटतं. धर्मासाठी घरदार सोडून आलेले ते लोक आपसात भांडत होते. 13 ऑगस्टच्या प्रभुभोजनात त्यांची मनं जुळली, आणि साखळी सुरू झाली ती त्यानंतर. तुमच्या संघात गाण्यांवरून दोन गट पडलेत ना? त्यांना आधी एका पंगतीला बसव.

दोन ते चार ही वेळ अवघड. कुणी पेंगलं तर हलवून उठवू नकोस, मागे सतरंजी घालून ठेव. बायबलमध्ये आहे ना, त्रोवस शहरात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत होता, तेव्हा खिडकीत बसलेल्या युतुखाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. कुणी त्याला रागावल्याचं लिहिलेलं नाही. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, मग वर येऊन भाकर मोडली, आणि उजाडेपर्यंत बोलणं चाललं.

आता जे सांगते ते नीट ऐक. एका आजारी मुलासाठी आम्ही तीन रात्री जागलो होतो. मुलगा गेला. मयतीच्या घरी कुणीतरी त्याच्या आईला म्हणालं, तुझा विश्वास कमी पडला. ती बाई पुन्हा देवळात आली नाही. मी शेजारीच उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्याचा सल अजून जात नाही. अरे, गेथशेमानेच्या बागेत खुद्द प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं, तरी तो टळला नाही. मग त्याचा विश्वास कमी होता का? तुझ्या माइकवर कुणी असं बोललं, तर तिथल्या तिथे थांबव. माणूस वयाने कितीही मोठा असो.

चहा चारला दे, आधी नको. आलं मी पाठवते.

पाकिटात एक चिठ्ठी आहे. ती दोनच्या तासाला ठेव. तिच्यावर त्या आईचं नाव आहे.

तुझी,
संडेस्कूलची बाई