रात्रीच्या पाळीआधी डोळे सांभाळ

तू साताऱ्याहून थेट शिडाच्या बोटीवर रात्रीची पाळी करायला निघालायस, म्हणून सांगतो. अंधाराला डोळे नीट सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. तो सराव मोडायला मोबाइलवरचा एक मेसेज पुरतो. आपल्या यवतेश्वर घाटात समोरून हेडलाइट आला की पुढचं वळण दिसेनासं होतं ना, तसंच. फक्त समुद्रात कठडा नसतो.

चार्टप्लॉटर, म्हणजे समुद्राचा नकाशा आणि बोटीची जागा दाखवणारा स्क्रीन, नाइट मोडवर टाकलास तरी ब्राइटनेस हाताने आणखी खाली आण. पहिल्या रात्री मी ते विसरलो, आणि मासेमारी होडीचा मिणमिणता दिवा दिसला तो पार जवळ आल्यावर. पोटात गोळाच आला.

केबिनमध्ये लाल दिवा, तोही मंद. भगभगीत लाल काही कामाचा नाही. पण लाल उजेडात कागदी नकाशावरचे पिवळे-तांबडे रंग विरून जातात. तेव्हा मी सरळ मंद पांढरा लावतो, एक डोळा घट्ट मिटून.

लांबचा पुसट दिवा रोखून बघू नकोस, किंचित बाजूला नजर ठेव, मग दिसतो. आणि चहा घेऊन वर येणाऱ्याला हेडटॉर्च आधी विझवायला सांग. सराव करायचाय? अमावास्येला गच्चीवर बस, मोबाइल खाली ठेवून.