हातसडी घेणार असाल, तर फवारणीचं विचारा

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे, पण भाताशिवाय जेवण झालं असं त्यांना वाटत नाही. आमच्या आठवडी बाजारात एक शेतकरी सेंद्रिय आंबेमोहर आणतात. दर दुकानातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. ‘सेंद्रिय भाताने साखर वाढत नाही,’ असं ते सांगतात. घ्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : साखरेसाठी घेत असाल, तर पैसे वाचवा. शेणखतावर पोसलेला दाणा काय नि युरियावरचा काय, त्यातल्या स्टार्चची साखरच होते. फरक पडतो तो वाणाने, कोंडा किती काढला याने आणि ताटात किती भात वाढला याने. आंबेमोहराचा वास मलाही आवडतो, पण तो मऊ, चिकट शिजतो आणि असा भात सहसा लवकर पचतो. मी सिंधुदुर्गातली, तेव्हा उकड्या तांदळाची बाजू घेणारच. पण त्याला कारणही आहे. भात तुसासकट उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, मग गिरणीत ती सगळी वाया जात नाहीत.

सेंद्रियाचा फायदा वेगळाच आहे. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये २०१४ साली वेगवेगळ्या पिकांवरचे ३४३ अभ्यास एकत्र तपासले गेले. सेंद्रिय पिकांत कीटकनाशकांचे अंश कमी वेळा सापडले, कॅडमियम हा विषारी धातूही कमी होता. भाताच्या बाबतीत फवारणीचे अंश बरेचसे तुसात आणि कोंड्यात राहतात. पांढराशुभ्र पॉलिश तांदूळ खाणाऱ्याच्या वाटचे ते गिरणीतच बरेच कमी होतात. कोंडा राखलेला हातसडीचा तांदूळ खाणारा मात्र तंतू, लोह, जीवनसत्त्वं यांच्यासाठी कोंडा मुद्दाम खातो. म्हणजे सेंद्रियाला जास्तीचे पैसे मोजायचेच, तर ते हातसडीला मोजा. दुप्पट दराने पॉलिश केलेला सेंद्रिय आंबेमोहर घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. (आर्सेनिक हे विष मात्र भातात जमिनीतून नि पाण्यातून येतं; त्याला सेंद्रियाची पाटी अडवत नाही.)

आता त्या शेतकऱ्यांना काय विचाराल? ‘युरिया घालता का,’ हे नको. जुने गावठी वाण उंच वाढतात, युरिया जास्त झाला की लोळतात, त्यामुळे तिथे हात आखडताच असतो. ‘करपा आला तेव्हा काय मारलंत?’ हे विचारा (करपा म्हणजे भातावरचा नेहमीचा रोग). ‘आमच्याकडे रोगच येत नाही,’ असं उत्तर आलं, तर मी पिशवी पुढच्या टोपलीकडे नेते. थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, म्हणून ही उलटतपासणी आपणच करायची.

हातसडी एका वेळी महिन्याभराचाच घ्या. कोंड्यातल्या तेलाने तो लवकर खवट होतो. रात्रभर भिजवून शिजवा, नाहीतर सासरे पहिल्याच घासाला ताट सरकवतील. मूद एकच वाढा, सोबत मटकीची उसळ नि पालेभाजी भरपूर. महिनाभर जेवणानंतर दोन तासांची साखर लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.