वाचकांचे प्रश्न: कॉमेडी कशाला म्हणायचे, आणि ते ठरवायचे कुणी?

*अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत.*

प्रश्न: ‘द बेअर’ ही मालिका नुकतीच पाहून संपवली. भावाने आत्महत्या केल्यानंतर त्याचे शिकागोतील सँडविचचे दुकान चालवायला परतलेला एक आचारी, त्याच्यावरचे कर्ज, स्वयंपाकघरातील आरडाओरडा. यात हसण्यासारखे मला फारसे काही सापडले नाही. मग तिला सर्वोत्तम कॉमेडी मालिकेचा एमी पुरस्कार कसा मिळाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आपल्याला पडलेला प्रश्न अमेरिकेतही पुष्कळांना पडला, आणि त्याचे उत्तर कलेच्या व्याख्येपेक्षा अर्जातील एका रकान्यात शोधावे लागते. मालिका कॉमेडी म्हणून पाठवायची की ड्रामा म्हणून, हे प्रथम तिचे निर्मातेच ठरवतात. एमी देणारी टेलिव्हिजन ॲकॅडमी त्यात हस्तक्षेप करू शकते, पण तसे क्वचितच घडते.

या गोंधळाला आळा घालण्याचा एक प्रयत्न २०१५ साली झाला. अर्ध्या तासाची मालिका ती कॉमेडी आणि तासाभराची तो ड्रामा, असा नियम ॲकॅडमीने केला आणि ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी एका समितीपुढे दाद मागावी, अशी सोय ठेवली. ‘ग्ली’, ‘शेमलेस’ आणि ‘जेन द व्हर्जिन’ या तासाभराच्या मालिकांना कॉमेडीत राहू दिले गेले. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ला मात्र ती मुभा मिळाली नाही आणि आदल्या वर्षीची कॉमेडी त्या वर्षी ड्रामा ठरली. घड्याळ लावून विनोद मोजण्याचा हा प्रकार २०२१च्या अखेरीस ॲकॅडमीने स्वतःच रद्द केला. अर्थात ‘द बेअर’च्या पहिल्या हंगामातील बहुतेक भाग अर्ध्या तासाच्या आसपासचे असल्यामुळे जुना नियम असता तरी ती बहुधा कॉमेडीतच गेली असती.

यामागे व्यवहारही आहे. त्या काळात ड्रामाच्या गटात ‘सक्सेशन’सारखी मालिका ठाण मांडून बसलेली होती. हॉलिवूडमधील लेखक-नटांच्या संपामुळे लांबलेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या सोहळ्यात ‘सक्सेशन’ने ड्रामाचा आणि ‘द बेअर’ने कॉमेडीचा मान घेतला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील सोहळ्यात ‘द बेअर’ला २३ नामांकने आणि ११ पुरस्कार मिळाले, आणि दोन्ही आकडे कॉमेडी मालिकेसाठी तोवरचे उच्चांक होते, पण मुख्य पुरस्कार ‘हॅक्स’ने नेला. सूत्रसंचालक यूजीन आणि डॅन लेव्ही या पितापुत्रांनी त्या रात्री आरंभीच, ‘द बेअर’च्या परंपरेला जागून आम्ही एकही विनोद करणार नाही, अशा अर्थाची कोपरखळी मारली होती.

निर्मात्यांनी आपल्या सोयीचा गट निवडला, याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. नुकसान होते ते दुसऱ्याच कुणाचे तरी. दुसऱ्या हंगामातील ‘फिशेस’ या तासाभराहून लांब भागात नाताळच्या जेवणावळीत एक कुटुंब अक्षरशः फुटते; त्यातील आईच्या भूमिकेसाठी जेमी ली कर्टिस यांना कॉमेडीतील पाहुण्या अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. काम थरकाप उडवणारे आहे, यात शंका नाही. पण नेमक्या क्षणी नेमका शब्द टाकून हशा पिकवणाऱ्या नटीला अशा आक्रोशाशी एकाच रांगेत उभे केले, की तिची बाजू लंगडी पडते.

प्रश्न: हे पुरस्कार समीक्षक देतात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: नाही. एमीसाठी मतदान करणारे ॲकॅडमीचे सदस्य म्हणजे त्याच व्यवसायातील लेखक, नट, दिग्दर्शक, संकलक आणि इतर मंडळी असतात. पूर्वी अंतिम निवड छोट्या मंडळांकडे असे आणि त्यांनी नामांकित भाग पाहणे अपेक्षित असे. २०१५ पासून अंतिम मतदान खूप मोठ्या सदस्यवर्गाला खुले झाले, त्यामुळे गाजलेल्या मालिकेचे आणि जाहिरातीचे वजन वाढले, असे माझे मत आहे. समीक्षकांची टेलिव्हिजन क्रिटिक्स असोसिएशन ही संस्था वेगळी आहे. तिचे पुरस्कार १९८५ पासून दिले जातात, त्यांचा सोहळा दूरचित्रवाणीवर दाखवला जात नाही, आणि अभिनयासाठी स्त्री-पुरुष असे भेद न करता कॉमेडीत एक व ड्रामात एक असा वैयक्तिक सन्मान असतो. दोन्हींच्या आवडीत किती अंतर असू शकते ते पाहा: ‘द अमेरिकन्स’ला या समीक्षकांनी तीनदा सर्वोत्तम ड्रामा ठरवले, तर एमीत तिला तो मान एकदाही मिळाला नाही.

प्रश्न: कॉमेडी आणि ड्रामा यांना समीक्षक वेगवेगळ्या कसोट्या लावतात का? गंभीर मालिकेला झुकते माप मिळते, असे मला नेहमी वाटते. (एक वाचक, पणजी)

उत्तर: आपले निरीक्षण मला मान्य आहे, पण त्याचे कारण केवळ पूर्वग्रह नव्हे, समीक्षा लिहिण्याच्या कामातच ती अडचण आहे. ड्रामातील एखादा प्रसंग शब्दांत सांगितला तरी त्याची धग काही अंशी वाचकापर्यंत पोहोचते. विनोद मात्र समजावून सांगायला घेतला की तिथेच मरतो. त्यामुळे कॉमेडीवर लिहिताना समीक्षक तिच्यातील सामाजिक आशयाचा, दुःखाचा, एकाकीपणाचा आधार घेतो, कारण त्यावर दोन परिच्छेद सहज होतात. आणि ज्या मालिकेत असे काही नसते, जी निव्वळ हसवते, ती हसण्यावारी नेली जाते.

दुसरी अडचण वेळेची आहे. समीक्षकांना बहुधा सुरुवातीचे काही भागच आधी पाहायला मिळतात. ड्रामा पहिल्या भागातच कोडे घालून बसतो, पण कॉमेडीतील पात्रांच्या लकबी आपल्या अंगवळणी पडल्याशिवाय त्यांवरचे हसू फुलत नाही. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’चा सहा भागांचा पहिला हंगाम पुष्कळांना फिका वाटला होता, आणि पुढे त्याच मालिकेवर समीक्षकांनी मनापासून प्रेम केले.

मी स्वतः एकच कसोटी वापरतो. मालिकेतून हसू काढून घेतले तर कथा उभी राहते का, हे मी पाहतो. उभी राहत असेल, तर तो विनोदाची फोडणी दिलेला ड्रामा आहे. कोसळत असेल, तर ती कॉमेडी आहे, मग तिच्यात मृत्यू का असेना. या कसोटीवर ‘हॅक्स’ कॉमेडी ठरते, कारण एक उतारवयाची विनोदकार आणि तिची तरुण लेखिका यांचे भांडण, लोभ आणि मत्सर हे सारे विनोद रचण्याच्या कामातूनच घडते. ‘द बेअर’ मात्र हसू वगळूनही चालत राहील.

प्रश्न: भारतीय कार्यक्रमांना एमी मिळाले आहे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर: आपल्याकडे बातम्यांत ज्याचा उल्लेख होतो तो आंतरराष्ट्रीय एमी, तो न्यूयॉर्कमधील वेगळी संस्था देते. २०२० साली ‘दिल्ली क्राइम’ सर्वोत्तम ड्रामा मालिका ठरली. २०२३ मध्ये कॉमेडीचा पुरस्कार ‘वीर दास: लँडिंग’ आणि ब्रिटनमधील ‘डेरी गर्ल्स’ यांना विभागून मिळाला. यांपैकी पहिला एका माणसाने रंगमंचावर उभे राहून केलेला कार्यक्रम आहे, तर दुसरी उत्तर आयर्लंडमधील शाळकरी मुलींची लिहून बसवलेली मालिका. त्या दोहोंना तेथे एकाच गटात तोलले गेले.